वाघाच्या फुफ्फुसातला किडा माणसात कसा आला?

खोकल्यातून तांबूस, गंजाच्या रंगाचा कफ पडतो, अधूनमधून रक्तही येते, छातीत दुखते आणि हे वर्षानुवर्षे चालते. असा रुग्ण समोर आला की वैद्याच्या मनात पहिले नाव येते ते क्षयाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चीन, तैवान आणि जपानमध्ये असे कितीतरी रुग्ण होते. त्यांतल्या पुष्कळांना क्षय नव्हताच. त्यांच्या फुफ्फुसात एक कृमी राहत होता.

या कृमीची पहिली नीट ओळख माणसात झाली नाही, वाघात झाली. आम्स्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मरण पावलेल्या बंगाली वाघाच्या फुफ्फुसातील कृमीचे वर्णन डच प्राणिशास्त्रज्ञ कर्बर्ट याने १८७८ साली प्रसिद्ध केले आणि संग्रहालयाचे संचालक वेस्टरमान यांचे नाव त्याला दिले. आजही त्याचे शास्त्रीय नाव पॅरागोनिमस वेस्टरमानी असेच आहे. कृमी दिसायला कॉफीच्या बीसारखा : जाड, तांबूस, लांबी साधारण एक सेंटिमीटर. फुफ्फुसात स्वतःभोवती कोष तयार करून बहुधा जोडीने राहतो आणि वीस वर्षांपर्यंत जगू शकतो.

पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, तैवानमधील तामसुई या बंदरात एक पोर्तुगीज मनुष्य महाधमनी फुटून मरण पावला. शवविच्छेदन करताना रिंगर या इंग्रज डॉक्टरला त्याच्या फुफ्फुसात एक कृमी आढळला. मृत्यूचे कारण वेगळेच होते, तेव्हा एखाद्याने तो फेकूनही दिला असता. रिंगरने तो जपून ठेवला आणि समुद्रापलीकडे अमॉय येथे काम करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सनला कळवले. हत्तीरोगाचा सूक्ष्म कृमी डासाच्या शरीरात वाढतो, हे १८७७ मध्ये दाखवणारा मॅन्सन तो हाच.

१८८० मध्ये मॅन्सनकडे एक चिनी अधिकारी त्वचेच्या तक्रारीसाठी आला. बोलता बोलता तो खाकरला आणि थुंकला. कफ तांबूस होता. मॅन्सनने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात झाकण असलेली अंडी दिसली. हा गृहस्थ पूर्वी तामसुईला राहिलेला होता. रिंगरच्या कृमीतली अंडी मॅन्सनने ताडून पाहिली आणि ती तशीच निघाली. रुग्णाचे शव न उघडता, केवळ थुंकीवरून या रोगाचे निदान करता येते हे यातून सिद्ध झाले. साधी गोष्ट वाटते खरी, पण या रोगाच्या इतिहासात याहून उपयोगी शोध क्वचितच लागला असेल.

याच सुमारास टोकियोत जर्मन वैद्य बेल्झ यालाही जपानी रुग्णांच्या कफात हीच अंडी दिसली होती. त्याने मात्र ती एकपेशीय जीव समजून त्यांना तसे नाव देऊन टाकले.

अंडी पाण्यात ठेवली की काही आठवड्यांनी त्यांतून केसाळ, पोहणारा जीव बाहेर पडतो. म्हणजे पुढचा मुक्काम पाण्यातच असणार. तो गोड्या पाण्यातल्या गोगलगाईत असावा, असा तर्क मॅन्सनने मांडला. तर्क बरोबर होता, पण अर्धाच. गोगलगाईतून माणसापर्यंत कृमी कसा येतो, हे कोडे तसेच राहिले. पिण्याच्या पाण्यावर संशय घेणे साहजिक होते.

उत्तर मिळायला जवळपास तीन तपांचा काळ गेला. तैवान तोवर जपानच्या अमलाखाली आले होते. शिनचिकू (आजचे शिंचू) येथील रुग्णालयात काम करणाऱ्या नाकागावा यांनी डोंगराळ भागातील आदिवासी वस्त्यांत या रोगाचा माग घेतला. ओढ्यांतले प्राणी एकामागून एक तपासताना १९१५ च्या सुमारास त्यांना खेकड्यांच्या शरीरात कोषबद्ध डिंभ सापडले. ते कुत्र्याच्या पिलांना खाऊ घातले आणि पुढे पिलांच्या फुफ्फुसात पूर्ण वाढलेले कृमी मिळाले. दोष पाण्याचा नव्हता, कच्च्या खेकड्याचा होता. गोगलगाईच्या शरीरात कृमीच्या पिढ्या वाढतात, तिथून बाहेर पडलेला डिंभ खेकड्यात शिरतो आणि खेकडा नीट न शिजवता खाल्ला की माणसात येतो.

पोटात गेलेला डिंभ फुफ्फुसात पोहोचतो तरी कसा? रक्तातून वाहत जात असेल, असे कोणालाही वाटेल. योकोगावा यांच्या प्रयोगांतून वेगळेच दिसले. तो आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरतो, श्वासपटल पोखरतो आणि छातीत शिरतो. या प्रवासात वाट चुकलेले काही कृमी मेंदूतही जातात, आणि मग अपस्मारासारखे झटके येऊ लागतात.

कोरियात या रोगाची कथा अधिक करुण आहे. गोवर झालेल्या मुलांना गोड्या पाण्यातल्या चिंगाटीचा कच्चा रस औषध म्हणून पाजण्याची तिथे रीत होती, आणि आईच्या हातून मुलाला कृमी मिळत होता. नायजेरियात १९६७ ते १९७० च्या यादवी युद्धात उपाशी माणसे मिळतील ते खेकडे खाऊ लागली, तेव्हा तिथेही रुग्ण वाढले.

आपल्याकडे सर्दी-पडशावर खेकड्याचा रस्सा देतात, पण तो रटरटून उकळलेला असतो. कृमीला तेवढे पुरते. ईशान्य भारतात मात्र काही समाजांत खेकडा अर्धवट भाजून किंवा कच्चा वाटून खाण्याची पद्धत आहे. मणिपूरमध्ये १९८० च्या दशकात रुग्ण नोंदले जाऊ लागले, पुढे अरुणाचल आणि नागालँडमध्येही. यांपैकी कित्येकांमागे कृमीची दुसरी एक जात, पॅरागोनिमस हेटेरोट्रेमस, असल्याचे आढळले.

अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यात संशोधकांनी पाहिले, तेव्हा थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही क्षयाचे रुग्ण ठरवलेल्या माणसांत हा कृमी निघाला. क्षयाच्या तपासणीत कफ रंगवून जंतू शोधतात. अंडी शोधायची तर तोच कफ न रंगवता पाहावा लागतो, आणि तशी सूचना कोणी दिली नाही तर ती पाहिली जात नाहीत. क्षयाची औषधे साधारणपणे सहा महिने घ्यावी लागतात आणि या कृमीवर त्यांचा काही उपयोग होत नाही. कृमीवरचे प्राझिक्वांटेल हे औषध दोन-तीन दिवसांत संपते.