जुनी खेळणी आणि नवा लिलाव

लिलाव ही गोष्ट आपल्या ग्रामीण भागाला मुळीच नवी नाही. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचे ट्रॅक्टर ओळीने उभे असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेकापाशी येतो, कांदा हातात घेऊन पाहतो, बोली चढते आणि बघता बघता भाव ठरतो. कोकणच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो, उत्सवात देवापुढच्या नारळाचा होतो. हा शब्द मात्र मूळचा आपला नव्हे, बरं का. पोर्तुगीज भाषेतल्या ‘लेइलाँव’ या शब्दावरून तो आपल्याकडे आला आणि इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षातही येत नाही.

लिलावाचा इतिहास फार जुना आहे. इ. स. १९३ मध्ये रोमच्या बादशहाचा त्याच्याच रक्षकांनी खून केला आणि मग साऱ्या साम्राज्याची गादीच लिलावात काढली. डिडियस ज्युलिअनस नावाच्या धनिकाने सर्वांत मोठी बोली लावून ती घेतली खरी, पण अवघ्या ६६ दिवसांत गादीही गेली आणि प्राणही गेला. पुढे १७४४ साली लंडनमध्ये सदबीज आणि १७६६ साली ख्रिस्तीज ही लिलावाची प्रसिद्ध घराणी सुरू झाली. तेथे चित्रे, ग्रंथ, जडजवाहीर यांचे लिलाव होत. लिलाव पुकारणाऱ्याचे श्रम, जागेचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च भरून निघेल एवढी किंमत येणारी वस्तूच तेथे चाले.

आता विचार करा, एखाद्या घरी माळ्यावर पत्र्याची जुनी मोटार पडली आहे. किल्ली हरवलेली, रंग थोडा उडालेला. तिला गिऱ्हाईक नाही का? असते. अगदी अशीच मोटार लहानपणी हातून हरवलेला एखादा गृहस्थ ती आनंदाने घेईल. पण तो असतो पाचशे कोसांवर. त्याला हिची खबर नाही आणि हिच्या मालकाला त्याचा पत्ता नाही. शिवाय लिलावाला एक गिऱ्हाईक पुरत नाही, निदान दोन तरी लागतात. म्हणून अशा वस्तू पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मिळेल त्या भावाने जात, नाहीतर भंगारवाल्याच्या तराजूत पडत. वस्तू होती, हौस होती, पैसाही होता. नव्हती ती फक्त गाठभेट.

ही गाठ घालून दिली इंटरनेटने. १९९५ सालच्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात पिअर ओमिड्यार नावाच्या २८ वर्षांच्या संगणकतज्ज्ञाने घरबसल्या लिलाव करण्याची एक सोय सुरू केली. तिचे पहिले नाव ‘ऑक्शनवेब’. १९९७ मध्ये तिला ‘ईबे’ हे नाव मिळाले. तेथे अगदी आरंभी विकली गेलेली वस्तू होती लेझर किरण टाकणारी एक कांडी, आणि तीही मोडकी! तिला १४ डॉलर ८३ सेंट आले. ओमिड्यारने घेणाऱ्याला विचारले, ‘अहो, ही मोडकी आहे, हे आपल्याला ठाऊक आहे ना?’ उत्तर आले की, आपण मोडक्या कांड्याच जमवतो. एका माणसाच्या घरचा केर दुसऱ्या माणसाच्या संग्रहात जाऊन बसला, तो असा.

ह्याच कंपनीच्या जन्माची आणखी एक कथा जगभर पसरली. ऑस्ट्रियात जन्मलेल्या ‘पेझ’ नावाच्या गोळ्या असतात. त्या गोळ्यांच्या डब्यांवर चित्रविचित्र मुंडकी असतात आणि शौकीन लोक ते डबे जमवतात. ओमिड्यारच्या वाग्दत्त वधूला हा छंद होता, तिला डब्यांची अदलाबदल करता यावी म्हणून त्याने हा लिलाव काढला, अशी ती गोड कथा. वर्तमानपत्रांनी ती आवडीने छापली. परंतु २००२ साली ईबेच्या इतिहासावर एक पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि ही कथा कंपनीच्या प्रसिद्धीखात्याने वार्ताहरांसाठी रचली होती, हे उघड झाले. मुलीला डब्यांची आवड होती एवढे खरे. बाकीचा सगळा साज. इतिहासाच्या शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर सांगावे. कथा गोड लागली की ती कोणी सांगितली आणि कशासाठी सांगितली, हे विचारायचे आपण विसरतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात तर हा प्रश्न पावलोपावली विचारावा लागतो.

हा लिलाव चालतो तरी कसा? समजा, तुम्ही एका खेळण्यासाठी जास्तीत जास्त ५०० रुपये द्यायला तयार आहात. तो आकडा तुम्ही गुपचूप संगणकाला सांगून ठेवता. दुसऱ्याची तयारी ३२० रुपयांपर्यंतच आहे. मग तुमच्याकडून ५०० जात नाहीत. ३२० आणि वर ठरलेली छोटी वाढ, एवढ्यावर वस्तू तुमची होते. म्हणजे किंमत ठरवतो तो हरलेला माणूस! टपालाने बोली मागवून तिकिटे विकणाऱ्यांनी ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वापरली होती. तिच्यामागचे गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडले, आणि १९९६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण लासलगावात कांदा हातात घेऊन पाहता येतो. इथे वस्तू दिसते ती फक्त छायाचित्रात, आणि विकणारा कोण, कुठला, काही माहीत नाही. तेव्हा विश्वास आणायचा कोठून? १९९६ साली ओमिड्यारने त्यावर एक साधा उपाय काढला. व्यवहार झाला की घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांविषयी चार शब्द लिहावेत आणि ते सर्वांना वाचता यावेत. आपल्याकडे गावात ज्याला ‘पत’ म्हणतात, तीच ही. फरक इतकाच की, ती आता अनोळखी माणसांच्या पारावर चर्चिली जाऊ लागली.

आता जुन्या खेळण्यांच्या किमतींकडे वळू. १९७७ च्या मे महिन्यात अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला आणि मुलांनी त्यातल्या पात्रांच्या बाहुल्या मागायला सुरुवात केली. केनर कंपनीच्या बाहुल्या नाताळपर्यंत तयार होईनात. तेव्हा कंपनीने चक्क रिकामी पुठ्ठ्याची पाकिटे विकली! आत एक प्रमाणपत्र, ते पाठवले की पुढच्या वर्षी चार बाहुल्या टपालाने घरी. त्याच मालिकेत पाठीवरून अग्निबाण उडवणारी ‘बोबा फेट’ नावाची बाहुली योजली होती. अग्निबाणाचा तुकडा मुलांच्या घशात अडकेल, या भीतीने ती बाजारात आलीच नाही. नमुने तेवढे उरले. त्यांपैकी एक नमुना २०२४ साली अमेरिकेत लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. आपल्या हिशेबाने चार कोटी रुपयांहून अधिक!

ही किंमत कशाने आली? नमुने थोडे उरले, ते कोणी मुद्दाम साठवले नव्हते आणि त्या चित्रपटावर वाढलेली मुले आता कमावती झाली होती. याच्या उलट पाहा. टाय नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९३ साली ‘बीनी बेबीज’ ही छोटी मऊ जनावरे काढली. किंमत सुमारे पाच डॉलर. ती मोठ्या दुकानांत मिळत नसत, आणि मधूनच एखादे जनावर ‘निवृत्त’ झाल्याचे कंपनी जाहीर करी. झाले! आता हे मिळणार नाही म्हणून लोकांची झुंबड उडाली. एक काळ असा होता की ईबेवरच्या एकूण विक्रीचा सुमारे दहावा हिस्सा या जनावरांचा होता. १९९९ साली लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारे एक जोडपे जमिनीवर बसून ही खेळणी एकेक करून वाटून घेत होते! त्याच वर्षी कंपनीने सगळीच जनावरे बंद करण्याची घोषणा केली, मग ती फिरवली. भाव कोसळले. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून ज्यांनी पेट्या भरभरून खेळणी ठेवली होती, त्यांच्या हाती कापूस आणि प्लॅस्टिकचे दाणे राहिले. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मिळ होणार तरी कशी?

आपल्या देशातही २००० साली मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ नावाने असा लिलाव सुरू झाला होता. २००४ साली तो ईबेने विकत घेतला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचे ते भारतीय दालन बंद झाले. पण जुन्या वस्तूंची विक्री थांबली नाही. ती मोबाईलवर आली. आणि तिच्याबरोबर फसवणूकही आली. ‘तुमच्याकडे ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट आहे का? लाखो रुपये देतो’, असा निरोप येतो. मग नोंदणीचे शुल्क, कमिशन, कर अशा नावांखाली आधी तुमच्याकडूनच पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना काढून स्पष्ट केले की, बँक असा व्यवहार करीत नाही आणि त्यासाठी शुल्क घेण्याचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. तेव्हा एक नियम गाठीशी बांधा. खरा घेणारा पैसे देतो, विकणाऱ्याकडून मागत नाही. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

दुसरी गोष्ट कायद्याची. शंभर वर्षांहून जुनी नाणी, मूर्ती, धातूच्या कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. परवान्यावाचून त्यांचा व्यापार करता येत नाही, आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. नांगरताना शेतात हंडा किंवा नाणी सापडली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. आणखी एक सांगतो. जुने नाणे किंवा खेळणे चिंच-राखेने घासू नका, रंगवू नका. वर चढलेला काळसर थर आणि उडालेला मूळ रंग हाच त्याचा दाखला असतो. तो गेला की जाणकाराच्या लेखी किंमतही जाते. मूळ खोका असेल तर तोही फेकू नका.

हे सगळे झाले किमतीविषयी. पण पुण्यात दिनकर केळकर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. ते कवी होते, ‘अज्ञातवासी’ नावाने लिहीत, आणि चष्म्यांचा धंदा करीत. त्यांचा राजा नावाचा मुलगा सातव्या वर्षी वारला. केळकरांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, कुलपे, भांडी, खेळणी अशा घरगुती वस्तू जमवल्या. सामान्य माणसाच्या हाताखालून गेलेल्या या वस्तू त्यांनी मुलाच्या नावाने उभ्या केलेल्या संग्रहालयात ठेवल्या आणि अखेर शासनाच्या स्वाधीन केल्या. त्यांनी त्या लिलावात काढल्या असत्या तर त्या चार दिशांना पांगल्या असत्या. आज खेड्यातून सहलीला आलेले पोर तेथे जाऊन आपल्या पणजीच्या काळचे घर पाहू शकते.

जुनी वस्तू विकू नये, असे माझे म्हणणे नाही. गरज असली तर अवश्य विकावी, आणि चार ठिकाणी भाव विचारून विकावी. पण वस्तूबरोबर तिची हकिकत जाऊ देऊ नये. शिक्षकबंधुभगिनींनो, एक वही घाला. प्रत्येक मुलाला आपल्या घरातले सर्वांत जुने खेळणे, भांडे किंवा अवजार शोधायला सांगा. ते कोणी केले, कोणत्या बाजारातून आले, कोण त्याच्याशी खेळले, हे आजीला विचारून त्या वहीत लिहून घ्या, आणि हे आजीच्या हयातीतच करा. उद्या ती लाकडी बैलगाडी विकली गेली, तरी गावाच्या इतिहासाचे एक पान शाळेच्या कपाटात राहील.