मुंबईच्या दारातला लांडगा

नाणेघाटाच्या तोंडाशी उभे राहिले की मुरबाडचा मुलूख पायाशी पसरलेला दिसतो. तिथला दगडी रांजण जकातीचा म्हणून ओळखला जातो. सातवाहनांच्या काळी कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नरकडे चढत असे. पुढे इंग्रजांनी थळ घाटातून रेल्वे नेली आणि बंदराची वाट आसनगाव, खर्डी, कसाऱ्यावरून जाऊ लागली. पहिल्या महायुद्धात देवळालीच्या छावणीतले सैनिक याच रुळांवरून मुंबईला उतरत आणि तिथून बोटीने मेसोपोटेमियाकडे रवाना होत. आपल्या डोंगराळ तालुक्यांचा समुद्राशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे. मुंबईच्या त्या बंदराच्या तोंडावर १९१७ साली एका जर्मन नौदल अधिकाऱ्याने सुरुंग पेरले होते. त्याची ही हकिकत.

पहिल्या महायुद्धातली 'एमडेन' पुष्कळांना ठाऊक असते. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर तोफा डागल्या आणि नोव्हेंबरात ती कोकोस बेटांपाशी नष्ट झाली. 'वोल्फ' मात्र फारशी कुणाला आठवत नाही, कारण गुपचूप येऊन गुपचूप निघून जाणे हेच तिचे काम होते. वोल्फ म्हणजे लांडगा. तिचा कप्तान कार्ल ऑगस्ट नेर्गर हा १८७५ साली रोस्टोक येथे जन्मला. युद्धाच्या आरंभी हेलिगोलँडच्या लढाईत तो 'स्टेटिन' या क्रूझरवर कप्तान होता. १९१६ साली त्याच्या हाती आली ती मात्र युद्धनौका नव्हे, तर एक मालवाहू बोट. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची ही 'वाख्टफेल्स'. हान्सा कंपनीच्या बोटींची युद्धापूर्वी मुंबई, कराची, कलकत्ता अशी नेहमीची ये-जा असे. जर्मन खलाशांना आपली बंदरे परकी नव्हती.

या बोटीत तोफा व पाणतीरांच्या नळ्या दडवल्या, चारशेहून अधिक पाणसुरुंग भरले आणि एक लहानसे समुद्री विमानही घेतले. वरून पाहावे तर साधी मालवाहू बोट. ३० नोव्हेंबर १९१६ रोजी ती कीलहून निघाली. नेर्गरने एक नियम कसोशीने पाळला. स्वतः बिनतारी संदेश पाठवायचा नाही, दुसऱ्यांचे मात्र ऐकत राहायचे. केप टाऊन आणि कोलंबोसमोर सुरुंग टाकून फेब्रुवारी १९१७ मध्ये तो मुंबईच्या वाटेवर आला आणि रात्रीच्या अंधारात इथेही सुरुंग टाकून पसार झाला. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या किनाऱ्यांवरही त्याने हेच केले.

सुरुंगाला घाई नसते. मुंबईसमोरचे सुरुंग जूनमध्ये बोलू लागले. ११ जूनला 'सिटी ऑफ एक्झेटर' जखमी झाली, १७ ला 'क्रॉक्स्टेथ हॉल' बुडाली आणि २३ ला पी अँड ओ कंपनीची 'मोंगोलिया' ही मोठी प्रवासी बोट गेली. दिवस ऐन पावसाळ्याचे. कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी दर्यात जायचे नाही, असे ते दिवस. त्या खवळलेल्या पाण्यात वीसहून अधिक माणसे दगावली. जुलैअखेर 'ओखला' बुडाली.

पेरणारा तेव्हा हजारो मैल दूर होता. त्यामुळे स्फोट कशाने झाला, याचा संशय भलतीकडेच जाई. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर 'कंबरलँड' फुटली तेव्हा बोटीच्या आतच घातपात झाला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला होता. लांडग्याने माणसे मारली, तसा माणसांचा एकमेकांवरचा विश्वासही पोखरला.

४५१ दिवस कोणत्याही बंदराला न लागता, पकडलेल्या बोटींचा कोळसा आणि शिधा वापरत वोल्फ २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कीलला परतली. सुरुंगांनी रिकाम्या केलेल्या तळघरात साडेचारशेहून अधिक कैदी होते, त्यांत बायका-मुलेही होती. स्कर्व्हीने लोक खंगले होते. नेर्गरने कैद्यांना बरे वागवले, असे त्यांच्यापैकी अनेकांनी नोंदवले आहे. 'हिताची मारू' या जपानी बोटीवर मात्र त्याच्या तोफांनी माणसे मारली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कैसरने त्याला 'पूर ल मेरीत' हा सर्वोच्च सन्मान दिला.

दुसऱ्या महायुद्धात नेर्गरला समुद्र मिळाला नाही. बर्लिनमध्ये सीमेन्स उद्योगाच्या सुरक्षेचे काम त्याच्याकडे होते. जर्मनीच्या पाडावानंतर रशियनांनी त्याला पकडून साक्सेनहाउसेनच्या छावणीत टाकले. ही मुळात नाझींची छळछावणी. तिथेच जानेवारी १९४७ मध्ये तो मेला. ज्याने शेकडो कैदी तळघरात ठेवून जिवंत घरी आणले, तो स्वतः कैदी म्हणून संपला.

त्याच युद्धात हान्सा कंपनीची बोट पुन्हा आपल्या किनाऱ्यावर गाजली. 'एरेनफेल्स' आणि तिच्या सोबतच्या बोटी पोर्तुगीज गोव्यात मुरगाव बंदरात आश्रयाला होत्या. त्यांच्यावरून पाणबुड्यांना गुप्त संदेश जातात, असा ब्रिटिशांचा समज होता. मार्च १९४३ मध्ये 'कलकत्ता लाइट हॉर्स'च्या उतारवयाच्या स्वयंसेवकांनी छापा घातला आणि जर्मन खलाशांनी बोटी स्वतःच बुडवल्या.

नेर्गरचे नाव जर्मन इतिहासात आहे, त्याचे पदकही आहे. पण त्या काळच्या बोटींच्या पोटात भट्टीपुढे कोळसा ओढणारे आगवाले आपल्या देशातले असत. पी अँड ओच्या बोटींवर डेकवर गुजरात-कोकणचे खलाशी आणि खानपानाला गोव्याचे लोक. सुरुंग फुटला की सर्वांत आधी मरण तळाशी असलेल्याच्या वाट्याला येई. त्यांना पदक नव्हते, कबर तर नव्हतीच.

मात्र एक जागा आहे. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात, म्हणजे इंडियन सेलर्स होममध्ये, पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक आहे. आसनगावहून लोकलने निघावे, मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावे आणि सवड काढून तिथे एकदा जाऊन यावे. नेर्गरची गोष्ट सांगणारे पुष्कळ आहेत. भिंतीवरची ती नावे मात्र आपणच वाचायची आहेत.