ॲडलस्ट्रॉप रेल्वे स्थानक

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील ॲडलस्ट्रॉप या खेड्याचे, ३ जानेवारी १९६६ पासून बंद असलेले स्थानक. कॉट्सवोल्ड टेकड्यांच्या पूर्वेकडील ईव्हनलोड नदीच्या खोऱ्यात, किंगम आणि मोर्टन-इन-मार्श या दोन चालू स्थानकांच्या दरम्यान ते होते. लोहमार्ग आजही वापरात आहे. लंडनच्या पॅडिंग्टनहून वूस्टर व हेरफर्डकडे जाणाऱ्या गाड्या इथून रोज धावतात, फक्त थांबत नाहीत. रेल्वेच्या लेखी या स्थानकाला कधीच फारसे महत्त्व नव्हते. त्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्याच्या पाटीचा इतिहास होय.

गाव रेल्वेपेक्षा पुष्कळ जुने. येथील जमीनदारी ली घराण्याकडे होती. याच घराण्यातील एक नातलग गावचे धर्मगुरू असल्याने कादंबरीकार जेन ऑस्टेन हिचे इथे येणे-जाणे होते.

मार्ग बांधणाऱ्या कंपनीचे नाव लांबलचक होते : ऑक्सफर्ड, वूस्टर अँड वुल्व्हरहॅम्प्टन रेल्वे. रूळ रुंद टाकायचे की अरुंद, यावरून तिची भांडणे, पैशांची कायमची चणचण आणि एकूण कारभार यांमुळे कंपनीच्या आद्याक्षरांवरच लोकांनी ‘ओल्ड वर्स अँड वर्स’ असे टोपणनाव रचले. सुरुवातीचा अभियंता प्रख्यात इसंबार्ड किंगडम ब्रुनेल. याच मार्गावरील मिकल्टनच्या बोगद्याचा कंत्राटदार काम सोडेना, तेव्हा जुलै १८५१ मध्ये ब्रुनेलने इतर ठिकाणचे मजूर गोळा करून सरळ चाल केली; दंगाबंदीचा कायदा दंडाधिकाऱ्यांना तिथे जाहीर वाचून दाखवावा लागला. पुढल्याच वर्षी ब्रुनेल या कामातून बाहेर पडला. ॲडलस्ट्रॉपवरून पहिली गाडी ४ जून १८५३ रोजी सुरू झाली. बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्याआधी सातच आठवडे धावली होती.

आरंभी पाटीवर ‘ॲडलस्ट्रॉप अँड स्टो रोड’ असे होते. स्टो-ऑन-द-वोल्ड हे जवळचे बाजाराचे गाव आणि स्थानक मुख्यतः त्याच्याच उतारूंसाठी, असा त्याचा अर्थ. १ मार्च १८६२ रोजी बोर्टन-ऑन-द-वॉटरचा फाटा खुला होऊन स्टोला स्वतःचे स्थानक मिळाले आणि त्याच दिवशी इथल्या पाटीवरून स्टो उतरले. दुसऱ्याच्या नावावर चालणाऱ्या स्थानकाला आपले नाव मिळाले, उतारू मात्र बहुधा घटले असावेत. पुढच्याच वर्षी हा सारा मार्ग ग्रेट वेस्टर्न रेल्वेत विलीन झाला. १ जुलै १८८३ पासून नावाच्या इंग्रजी लेखनातील जोड ‘डी’पैकी एक गळाला. आज प्रसिद्ध आहे ते हेच लेखन.

ही प्रसिद्धी आली एका थांब्यामुळे. २४ जून १९१४ रोजी लेखक एडवर्ड टॉमस पत्नी हेलनसह लेडबरीजवळ राहणाऱ्या रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीला भेटायला निघाला होता. पाऊण वाजण्याच्या सुमारास गाडी ॲडलस्ट्रॉपला थांबली. त्याने वहीत विलोची झाडे आणि ब्लॅकबर्ड पक्ष्यांचे गाणे टिपले. पुढे कॅम्पडेनबाहेर गाडी पुन्हा थांबली. तिथली शांतता, उंच गवत आणि कुणाचे तरी खाकरणे हेही वहीत आले. ८ जानेवारी १९१५ रोजी त्याने लिहिलेल्या सोळा ओळींच्या ‘ॲडलस्ट्रॉप’ या कवितेत हे दोन्ही थांबे एक झाले आहेत. म्हणजे ज्या शांततेच्या शोधात रसिक ॲडलस्ट्रॉपला येतात, तिचा निम्मा वाटा कॅम्पडेनचा आहे. कवीला तो अधिकार आहेच. स्थलकोशाने मात्र तेवढी नोंद ठेवावी. त्या प्रवासानंतर चारच दिवसांनी साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पाठोपाठ महायुद्ध पेटले. टॉमस सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. कविता त्याच महिन्याच्या अखेरीस ‘न्यू स्टेट्समन’मध्ये छापून आली. युद्धाचा तिच्यात उल्लेखही नाही. तरी युद्धापूर्वीच्या इंग्लंडचे चित्र म्हणून ती वाचली जाते.

स्थानक मिटले ते मोटारींच्या वाढीमुळे आणि हिशेबामुळे. मार्च १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष रिचर्ड बीचिंग यांनी तोट्याचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली. या मार्गावरील लहान स्थानके त्याच लाटेत गेली. चिपिंग कॅम्पडेन स्थानकही ॲडलस्ट्रॉपच्याच दिवशी बंद झाले, त्यामुळे टॉमसच्या वहीतली दोन्ही नावे वेळापत्रकातून एकदमच गेली. स्टोचे स्थानक तर १९६२ मध्येच बंद झाले होते. १९७१ मध्ये मार्गाचा बराच भाग एकेरी करण्यात आला. त्यातून ॲडलस्ट्रॉपचा पट्टा सुटला आणि इथे दुहेरी रूळ टिकले.

फलाट आणि इमारती पाडून टाकल्या आहेत. पाटी मात्र वाचली. ती गावात नेऊन बस थांब्याच्या निवाऱ्यात लावली असून तिच्याखाली स्थानकातलेच एक बाकडे आहे. त्याच्यावरील पत्र्यावर टॉमसची कविता कोरलेली आहे. २४ जून २०१४ रोजी, त्या प्रवासाच्या शताब्दीनिमित्त, एक खास गाडी जुन्या स्थानकाच्या जागी मुद्दाम थांबवण्यात आली. एरवी पाटी पाहू इच्छिणाऱ्याने किंगम किंवा मोर्टन-इन-मार्श येथे उतरून रस्त्याने गावात यावे.