वऱ्हाडचा आवाज आणि मेजावरील श्रवण

लिहिलेले टिकते आणि बोललेले हवेत विरते, अशी आपली पिढ्यान् पिढ्यांची समजूत होती. १८७७ साली एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला आणि ह्या समजुतीस पहिला धक्का बसला. तथापि आवाज साठविला म्हणजे तो जतन झाला, असे मात्र नव्हे. जुनी पोथी वाचावयास जसा पुरेसा उजेड लागतो, तसा जुना आवाज वाचावयास योग्य ध्वनियंत्र लागते. अमरावती वा अकोला येथील महाविद्यालयात, वृत्तपत्राच्या कचेरीत अथवा एखाद्या ग्रंथालयात आपल्या मेजाशी बसून वऱ्हाडचे जुने आवाज बारकाईने ऐकू इच्छिणाऱ्याने कोणते ध्वनियंत्र निवडावे, हा प्रश्न वरकरणी बाजारहाटाचा दिसतो. परंतु त्याचे उत्तर इतिहासात आहे, आणि तेच येथे थोडक्यात मांडावयाचे आहे.

जवळून ऐकणे ही नवी हौस आहे असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः ते दुरून ऐकण्याहून जुने आहे. आरंभीच्या फोनोग्राफचा आवाज इतका क्षीण असे की, तो ऐकण्यासाठी दोन्ही कानांत रबरी नळ्या घालाव्या लागत. एका वेळी दोन-चार माणसे, प्रत्येक आपल्यापुरती, असे ते श्रवण होते. पुढे मोठा कर्णा आला आणि ग्रामोफोन दिवाणखान्याचा झाला. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीने आपल्या देशातील पहिली ध्वनिमुद्रणे केली. १९२५ च्या सुमारास कर्ण्यापुढे ओरडून गाण्याची पद्धत मागे पडून विजेच्या साहाय्याने मुद्रण होऊ लागले. १९२७ च्या जुलैत मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि १६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे. प्रत्येक पायरीवर आवाज मोठा होत गेला आणि श्रोता यंत्रापासून दूर सरकत गेला. सभेस, उत्सवास आणि चौकास हे सोयीचे होते, अभ्यासकास नव्हते.

आता वऱ्हाडची ध्वनिसंपत्ती काय आहे ते पाहू. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. पण ते कागदावरचे. ह्याच पाहणीच्या निमित्ताने पुढे प्रांतिक सरकारांच्या मदतीने भारतातील अनेक भाषांचे व बोलींचे नमुने तबकड्यांवर उतरविण्यात आले, आणि आज ते शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातून घरबसल्या ऐकता येतात. अमरावतीचे वीर वामनराव जोशी ह्यांचे ‘रणदुंदुभी’ हे नाटक १९२७ साली रंगभूमीवर आले. त्यातील मास्टर दीनानाथांची गाणी तबकड्यांच्या रूपाने महाराष्ट्रभर गेली. मोझरीच्या तुकडोजी महाराजांचा आवाजही खंजिरीच्या साथीसह मुद्रित झालेला आहे. परंतु ह्या साऱ्यांत आमच्या विषयाशी सर्वांत निकटचे आहे ते गाडगेबाबांचे कीर्तन.

गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेणगावी झाला, आणि त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास, आजोळी गेले. तेव्हा त्यांची बोली ह्या दोन्ही जिल्ह्यांच्या मातीची. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथे त्यांनी केलेले कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यास त्या दिवशी नेमका एक आठवडा झाला होता. पुढे सहा आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबांचे देहावसान झाले. त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. म्हणून हे मुद्रण म्हणजे केवळ आठवण नव्हे. तो मूळ संहितेच्या योग्यतेचा पुरावा आहे.

हा पुरावा वाचताना घोटाळा कोठे होतो? वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. ‘पाणी’ तेथे ‘पानी’ आणि ‘कोण’ तेथे ‘कोन’. ळ आणि य ह्यांतील भेद कानास कळतो तो मुख्यतः सेकंदास दीड हजारापासून तीन हजारांपर्यंतच्या कंपनांच्या पट्ट्यात. हा पट्टा यंत्राने दाबला, किंवा खोलीच्या भिंतींवरून परतणाऱ्या नादाने तो पुसट केला, की अक्षर संदिग्ध होते. संदिग्ध जागी ऐकणाऱ्याचा कान स्वस्थ बसत नाही. तो शाळेत शिकलेला असतो आणि प्रमाण भाषेतील रूप आपल्या पदरचे भरतो. असा उतारा करणारा मनुष्य अप्रामाणिक नसतो. त्याला ‘काळा’ असेच ऐकू आलेले असते. ह्या रीतीने एक एक अक्षर करून बोली कागदावरून नाहीशी होते, आणि कोणास पत्ताही लागत नाही. मेजावरचे यंत्र निवडताना पणास लागलेली गोष्ट ती ही.

ह्यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. यंत्र माणसाच्या आवाजाशी इमान राखणारे असावे. खिडक्या हादरविणारा खर्ज त्याला नसला तरी चालेल. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर सामान्यतः सेकंदास ८५ कंपनांच्या खाली जात नाही, आणि कर्ण्याने मुद्रित झालेल्या तबकड्यांवर तर सुमारे २५० ते २५०० कंपनांपलीकडे फारसे काही उतरतच नसे. तेव्हा तीन-चार इंचांच्या पडद्याचा, पण मधला पट्टा सरळ देणारा ध्वनिक्षेपक पुरतो. बी.बी.सी.च्या तंत्रज्ञांनी १९७० नंतरच्या दशकात फिरत्या प्रक्षेपण-गाडीसाठी एल.एस. ३/५ ए ह्या नावाचा लहानसा ध्वनिक्षेपक तयार केला, तो ह्याच विचाराने. गाडीत जागा थोडी, ऐकणारा पेटीपासून हातभर अंतरावर, आणि निवेदकाचा आवाज खरा आहे की नाही हे ठरवावयाचे. आमच्या मेजाची अडचण हीच आहे.

दुसरा नियम अंतराचा. अंतर निम्मे केले की ध्वनिक्षेपकातून थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. खोलीतून परतणारा नाद मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. कचेरीची फरशी आणि गिलाव्याच्या भिंती नाद परतविण्यात पटाईत असतात. त्यांवर इलाज एकच, तो म्हणजे पेटी कानापासून दोन-तीन फुटांवर घेणे. मात्र इतक्या जवळ यंत्राची स्वतःची सुरसुर आणि विजेची गुणगुण ह्याही ऐकू येतात. म्हणून निःशब्द वाक्यांतरात पेटी गप्प राहते ना, हे पाहून घ्यावे आणि खोलीतील भूसंपर्क ठीक करून घ्यावा. पेटी मेजावर तशीच ठेवू नये. मेजाच्या पृष्ठावरून उसळलेला ध्वनी किंचित उशिरा येऊन काही स्वर खाऊन टाकतो. ती कानाच्या उंचीवर उचलावी आणि भिंतीपासून थोडी पुढे आणावी, नाहीतर पुरुषाचा आवाज रांजणातून आल्यासारखा घुमतो.

तिसरा नियम दुकानदारास आवडणार नाही. वर सांगितलेली सर्व मुद्रणे एकपदरी आहेत. दोन कानांसाठी दोन पदरांत मुद्रण करण्याची कल्पना ब्लूमलाइनने १९३१ साली मांडली, पण बाजारात तशा तबकड्या आल्या त्या १९५८ च्या सुमारास. एकपदरी मुद्रण दोन पेट्यांतून इतक्या जवळून ऐकले, तर डोके वीतभर हलताच दोन्हींचे ध्वनी एकमेकांस छेदतात आणि नेमकी वरची अक्षरे बिघडतात. म्हणून ठरलेल्या रकमेत दोन साधारण पेट्या घेण्यापेक्षा एकच उत्तम पेटी समोर ठेवावी.

कोणी म्हणेल, हेडफोन असताना हा खटाटोप कशाला? हेडफोन अवश्य असावा. शेजारच्या मेजावरील मनुष्यास त्रास होऊ नये म्हणून, आणि अकोल्याच्या मे महिन्यात कूलरची घरघर चालू असते तेव्हा तर कान बंद करणारा हेडफोनच उपयोगी पडतो. अडलेला शब्द दहा वेळा तपासावयासही तो बरा. परंतु त्यात आवाज डोक्याच्या आत बोलू लागतो आणि तासाभरात कान थकतो. गाडगेबाबांचे कीर्तन प्रश्नोत्तरांचे आहे. ते विचारतात आणि समुदाय उत्तर देतो. बोलणारा समोर आहे, ही भावना राहिली तरच प्रश्न कोठे संपला आणि उत्तर कोठे सुरू झाले हे नीट ध्यानात येते. तेव्हा ऐकावे पेटीवर आणि शंका फेडावी हेडफोनवर. आवाज फार हळूही ठेवू नये. हळू आवाजात कानास खालचे स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर व मन्सन ह्यांनी १९३३ सालीच दाखविले आहे. समोर बसून बोलणाऱ्या माणसाइतका आवाज योग्य.

खरेदीपूर्वीची कसोटी सोपी आहे. दुकानातील गाणे ऐकून भुलू नये. घरातील वृद्ध मंडळींपैकी कोणाचे तरी वऱ्हाडी बोलणे मोबाइलवर मुद्रित करून न्यावे. तो आवाज आपल्या ओळखीचा असतो. पेटी त्यात काय मिळविते आणि काय गाळते हे चटकन कळते. ‘डोया’ हा ‘डोया’ असाच ऐकू आला, म्हणजे यंत्र पसंत करावे. शिवाय पेटी घेतली नाही तरी त्या बोलण्याचे मुद्रण घरात राहील. दापुऱ्याच्या बाजूची बोली १९५६ साली एकदा नीट मुद्रित झाली म्हणून आज तिच्याविषयी काही निश्चित बोलता येते. आजच्या वृद्धांच्या बोलीविषयी पुढच्यांस तसे बोलता यावे, ही जबाबदारी आपली आहे.