माहितीच्या कायद्याचे आद्य अध्यापक

खानेसुमारी हें काम तसें रुक्ष. कोणी शाळामास्तर दाराशीं यावा, घरांत माणसें किती, शिक्षण काय, धंदा कोणता, हें विचारून जावें आणि सर्वांनीं तें विसरून जावें, अशीच त्याची रीत. परंतु १९८३ च्या आरंभीं पश्चिम जर्मनींत ह्याच रुक्ष कामानें सारा देश ढवळून निघाला. संसदेनें आदल्या वर्षीं एकमतानें संमत केलेल्या कायद्याप्रमाणें २७ एप्रिल रोजीं शिरगणति व्हावयाची होती. आणि ठिकठिकाणीं सुशिक्षित, एरवीं कायदा पाळणारीं माणसें ‘आम्ही हा कागद भरून देणार नाहीं’ असें उघड म्हणूं लागलीं. प्रश्नांपेक्षां भीति होती ती उत्तरांचें पुढें काय होणार ह्याची. उत्तरें यंत्रांत जाणार होतीं, आणि त्यांवरून नगरपालिकांच्या रहिवाशांच्या नोंदवह्याही दुरुस्त केल्या जाणार होत्या. मोजणीसाठीं म्हणून दिलेली माहिती अशा रीतीनें कारभाराच्या हातीं पडणार होती.

ह्या भीतीला त्या देशांत आधींच एक नांव होतें, एक कायदा होता आणि त्या कायद्याची राखण करणारा अधिकारीही होता. ही सामग्री एका दिवसांत जमलेली नव्हती. फ्रँकफुर्ट विद्यापीठांतील अध्यापक स्पिरोस सिमिटिस ह्यांनीं तेरा-चौदा वर्षें ह्या रानांत नांगर धरला होता.

नांवावरून दिसतेंच कीं, हे गृहस्थ जन्मानें जर्मन नव्हत. १९ ऑक्टोबर १९३४ रोजीं अथेन्स येथें त्यांचा जन्म झाला. मुलगा सहा वर्षांचा असतां, १९४१ च्या एप्रिलांत, जर्मन सेना त्या शहरांत शिरली व १९४४ च्या ऑक्टोबरपर्यंत तेथें ठाण मांडून राहिली. ज्या राष्ट्राच्या सैनिकांची छाया आपल्या बालपणावर पडली, त्याच राष्ट्रांत जाऊन ह्या तरुणानें मारबुर्गच्या विद्यापीठांत कायद्याचें अध्ययन केलें आणि १९५६ त डॉक्टरची पदवी मिळविली. त्यांचे धाकटे बंधु कोस्तास हेही मारबुर्गलाच शिकले. ते पुढें १९९६ ते २००४ पर्यंत ग्रीसचे पंतप्रधान होते. एका घरांतील एका भावानें राज्य चालवावें आणि दुसऱ्यानें राज्यकर्त्यांच्या हाताला आवर घालणारे कायदे लिहावे, असा योग विरळाच. १९६४ त सिमिटिस गीसेन येथें अध्यापक झाले व १९६९ त फ्रँकफुर्टला आले. तेथें त्यांचे विषय तीन : दिवाणी कायदा, कामगारांविषयींचा कायदा, आणि संगणक व कायदा ह्यांचा संबंध. पहिले दोन जुने आणि भरभक्कम. तिसऱ्याला त्या वेळीं धड बैठकही नव्हती.

ह्या तिसऱ्या विषयाकडे ते वळले ते संगणकाचे चाहते म्हणून. १९७० त त्यांनीं एक लहानसा ग्रंथ प्रसिद्ध केला. कायद्यावर ओढवलेला माहितीचा पेचप्रसंग हा त्याचा विषय. श्रोत्यांपैकीं ज्यांना कोर्टकचेरीचा अनुभव आहे, त्यांना हा पेच समजावून सांगावयास नको. कायदे वाढत जातात, त्यांवरचे निवाडे त्याहून वेगानें वाढतात, निवाड्यांवरील टीकाटिप्पणी तर अफाटच. शेवटीं ज्या न्यायाधीशानें निर्णय द्यावयाचा, त्यालाच प्रस्तुत विषयावर काय काय होऊन गेलें आहे हें कळेनासें होतें. ह्या अरण्यांतून वाट काढण्यास संगणकाचें साह्य घ्यावें, असें सिमिटिस ह्यांचें म्हणणें. म्हणजे यंत्राची उपयुक्तता त्यांनीं इतर कायदेपंडितांच्या आधीं ओळखली. आणि बरोबर त्याच वर्षीं यंत्राला लगाम घालणारा कायदा घडविण्यांतही त्यांचा हात होता. ह्यांत विसंगति दिसेल; पण शस्त्राची धार ज्यानें बोटानें चाचपली आहे, तोच त्याला म्यान शिवावयास योग्य.

झालें होतें असें. फ्रँकफुर्ट शहर ज्या हेसेन प्रांतांत आहे, तेथील सरकारनें सर्व कारभार यंत्रावर चढविण्याचें मनावर घेतलें होतें. प्रांताचीं आणि नगरपालिकांचीं दप्तरें एका मध्यवर्ती व्यवस्थेखालीं आणावीं, म्हणजे शाळा कोठें हवी, इस्पितळ कोठें हवें, हें ठरविणें सुलभ होईल, असा बेत. बेत वाईट नव्हता. परंतु आजवर नागरिकाला एक संरक्षण न मागतां मिळत आलें होतें. तें म्हणजे दप्तराचा गबाळेपणा. करवसुलीच्या कचेरींतला कागद इस्पितळांतल्या कागदाला कधीं भेटतच नसे. यंत्रामुळें हे कागद क्षणांत एकत्र येऊं लागले म्हणजे तें संरक्षण संपलें. त्याची जागा दुसऱ्या कशानें तरी भरून काढणें भाग होतें. ह्या विचारांतून ऑक्टोबर १९७० मध्यें हेसेनचा माहितीरक्षणाचा कायदा अमलांत आला. जगांतील ह्या जातीचा हा पहिला कायदा. जर्मन भाषेंत त्याला ‘डाटेनशुट्स’ म्हणतात. नांव थोडें फसवें आहे. कारण माहिती ज्याची त्या माणसाचें रक्षण हा त्याचा खरा हेतु. पण रूढ झालेलें नांव कोण बदलणार ?

ह्या छोट्या कायद्यांतील एका कलमाकडे लोकांचें फारसें लक्ष जात नाहीं, आणि तेंच सर्वांत दूरदृष्टीचें आहे. कायद्याच्या देखरेखीसाठीं जो अधिकारी नेमावयाचा, त्यानें नागरिकांच्या तक्रारी ऐकाव्या हें तर खरेंच. पण त्याशिवाय, यंत्रामुळें राज्याच्या निरनिराळ्या अंगांतील सत्तेचा तोल ढळतो कीं काय, ह्यावरही त्यानें नजर ठेवावी, असें त्यांत सांगितलें आहे. अर्थ स्पष्ट आहे. मंत्रिमंडळाजवळ यंत्र आणि विधिमंडळाजवळ नुसतें भाषण, अशी स्थिति झाली तर निवडून दिलेल्या सभासदांनीं प्रश्न तरी कशाच्या आधारानें विचारावे ? म्हणून यंत्रांतील माहिती मागण्याचा हक्क विधिमंडळालाही दिला. हा अधिकारी निवडण्याचें कामही विधिमंडळाकडेच ठेवलें. आपल्या देशांत २०२३ त जो माहितीरक्षणाचा कायदा संमत झाला, त्यांतील मंडळाचे अध्यक्ष व सभासद केंद्र सरकार नेमतें. न्यायमूर्ति श्रीकृष्ण ह्यांच्या समितीनें २०१८ त जो मसुदा दिला होता, त्यांत निवड-समितीवर सरन्यायाधीशांना स्थान होतें. तें पुढें गळलें. हेसेनचा जुना कायदा वाचतांना हा फरक डोळ्यांत सलल्यावांचून राहत नाहीं.

पहिले अधिकारी विली बिर्केलबाख. त्यांच्यामागून १९७५ त सिमिटिस आले आणि १९९१ पर्यंत राहिले. ह्या सोळा वर्षांत त्यांनीं अध्यापन सोडलें नाहीं. अधिकाऱ्याच्या हातीं शिक्षा करण्याचें सामर्थ्य नव्हतें. होता तो वार्षिक अहवाल. तो विधिमंडळापुढें जाई व छापला जाई. खात्यांना नको असलेल्या गोष्टी त्यांत नांवनिशीवार येत, आणि तेवढ्यानें पुष्कळ कामें होत.

कामगार-कायद्याच्या अभ्यासाचा ह्या कामीं त्यांना जो उपयोग झाला, तो विशेष सांगण्यासारखा आहे. अमेरिकेंत १८९० त वॉरन आणि ब्रँडाइस ह्या दोन वकिलांनीं एका प्रसिद्ध लेखांत खासगीपणाची कल्पना मांडली, ती आपल्याला कोणी त्रास देऊं नये, एकटें असूं द्यावें, अशा स्वरूपाची होती. सुखवस्तु गृहस्थाला ती शोभते. पण कारखान्यांतला मजूर एकटा असतोच कोठें ? त्याची येण्याजाण्याची वेळ, आजारपण, टेलिफोनवरील बोलणें, कामाचा वेग, हें सर्व यंत्रांत नोंदलें जाऊं लागलें म्हणजे तो हळूहळू नोंदीला साजेल असेंच वागूं लागतो. आणि संघाच्या सभेला जावें कीं न जावें, हेंही मनाशीं दहादां तोलूं लागतो. १९८७ त पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकांत लिहिलेल्या निबंधांत सिमिटिस ह्यांनीं हेंच विस्तारानें मांडलें : खासगीपणा हा एकट्यादुकट्याचा चोचला नसून, नागरिकानें सार्वजनिक जीवनांत निर्भयपणें भाग घ्यावा ह्यासाठीं लागणारी ती अट आहे. तसेंच संमतीच्या सहीवर त्यांचा विश्वास नव्हता. नोकरी मागणाऱ्यानें मालकाच्या कागदावर केलेल्या सहीला संमति म्हणावयाचें, हें त्यांना कायद्यांतलें नाटक वाटे. आज प्रत्येक मोबाइलवर दिवसांतून दहा वेळां ‘मान्य’ म्हणून बोट ठेवणाऱ्यांस हें पटावें.

आतां पुन्हां १९८३ कडे. १३ एप्रिल रोजीं, म्हणजे मोजणीच्या अवघे दोन आठवडे आधीं, कार्ल्सरूह येथील घटना-न्यायालयानें ती तहकूब केली. सुनावणींत माहितीरक्षण अधिकाऱ्यांचींही मतें ऐकण्यांत आलीं. १५ डिसेंबरला निकाल लागला. शिरगणति करण्यास न्यायालयानें हरकत घेतली नाहीं. परंतु त्या माहितीवरून नोंदवह्या दुरुस्त करण्याची योजना रद्द केली. आपल्याविषयीं कोणाला काय ठाऊक आहे हें ज्या समाजांत माणसाला कळूं शकत नाहीं, तेथें स्वातंत्र्य टिकत नाहीं; आणि यंत्राच्या युगांत क्षुल्लक अशी माहितीच उरलेली नाहीं, असा त्या निकालाचा आशय. ‘माहितीविषयक आत्मनिर्णय’ हा नवा हक्क त्यांत घटनेच्या आधारानें मान्य झाला. हा शब्द मात्र सिमिटिस ह्यांचा नव्हे. १९७१ त विल्हेल्म स्टाइनम्युलर आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं सरकारला दिलेल्या अहवालांत त्याची बीजें आहेत. श्रेय ज्याचें त्याला द्यावें. जर्मन लोक एवढे कां बिचकले, हें ज्यांना कळत नसेल, त्यांनीं १९३९ ची जर्मन खानेसुमारी आठवावी. तींत वेगळ्या पुरवणी-पत्रावर प्रत्येकाचे आजीआजोबा यहुदी होते काय, हें विचारलें होतें.

दुरुस्त कायद्यानें ती शिरगणति अखेर २५ मे १९८७ रोजीं झाली. हेसेननें तत्पूर्वीं, १९८६ त, आपला कायदाही नव्यानें लिहिला.

सिमिटिस ह्यांच्या कार्याला मर्यादा नव्हती असें नाहीं. १९७० चा कायदा केवळ सरकारी कचेऱ्यांपुरता होता. खासगी धंद्यांना तो लागू नव्हता. स्वीडननें १९७३ त संबंध देशासाठीं कायदा केला, १९७७ त जर्मनीच्या मध्यवर्ती कायद्यानें खासगी व्यवहारही आपल्या कक्षेंत घेतले, १९९५ त युरोपीय संघाचा निर्देश निघाला आणि २०१६ त संमत झालेला नियम २५ मे २०१८ पासून सर्व संघांत लागू झाला. परंतु तोंवर माहितीचे मोठमोठे सांठे कंपन्यांच्या कोठारांत जाऊन पडले होते, आणि तेहि बहुधा त्याच संमतीच्या सहीवर, जिच्याविषयीं ह्या अध्यापकांनीं इशारा दिला होता.

माहितीचा कायदा यंत्राबरोबर सतत बदलत राहिला पाहिजे, असें ते शिकवीत. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथानेंच त्याचा प्रत्यय दिला. मध्यवर्ती कायद्यावरील त्यांचें सहकाऱ्यांसह लिहिलेलें भाष्य १९७८ त प्रथम निघालें. २०१४ पर्यंत त्याच्या आठ आवृत्त्या झाल्या. आणि युरोपचा नवा नियम येतांच तो सारा ग्रंथ जुना ठरला. तेव्हां दोन तरुण सहसंपादकांना हाताशीं घेऊन सिमिटिस ह्यांनीं नवें भाष्य सिद्ध केलें. तें २०१९ त बाहेर पडलें. त्या वेळीं त्यांचें वय ८४ वर्षांचें होतें. १८ मार्च २०२३ रोजीं त्यांचें निधन झालें.