अडसर : लहान मुलांच्या सुटकेच्या वाटेचा इतिहास

पाळणाघराच्या किंवा बालवाडीच्या भिंतीवर कधीकधी इमारतीचा एक आराखडा लावलेला दिसतो. खोल्या, जिना, दारे, बाहेर नेणारे हिरवे बाण आणि ‘आपण येथे आहात’ असे सांगणारा एक ठिपका. या साध्या कागदामागे सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो आगीपासून सुरू होत नाही. त्याची सुरुवात एका करमणुकीच्या कार्यक्रमात आणि बक्षिसांच्या वाटपात आहे.

१६ जून १८८३, शनिवार. इंग्लंडच्या ईशान्येकडील संडरलँड या शहरातील व्हिक्टोरिया हॉलमध्ये मुलांसाठी खेळ ठेवला होता. प्रवेशमूल्य एक पेनी. वरच्या गॅलरीत सुमारे अकराशे मुले होती आणि त्यांच्याबरोबर मोठी माणसे जवळजवळ नव्हतीच. शेवटी घोषणा झाली की ठरावीक क्रमांकाचे तिकीट असलेल्या मुलांना बाहेर पडताना बक्षीस मिळेल. त्याच वेळी रंगमंचावरून खालच्या मुलांना भेटवस्तू वाटल्या जाऊ लागल्या. आपल्या वाट्याला काहीच उरणार नाही, या भीतीने गॅलरीतील मुले जिन्याने खाली धावली.

जिन्याच्या तळाशी असलेले दार आतल्या बाजूला उघडणारे होते. ते थोडेसे उघडे ठेवून बोल्टने अडकवलेले होते. एका वेळी एकच मूल जाईल एवढीच फट राहिली होती. पुढची मुले तिथे अडकली आणि मागच्यांना ते दिसत नव्हते, त्यामुळे ती येतच राहिली. मदतीला धावलेल्या माणसांना बोल्ट काढता येईना, कारण तो मुलांच्या बाजूला होता. त्यांनी फटीतून एकेक मूल ओढून काढायला सुरुवात केली. अखेर एका माणसाने दारच बिजागऱ्यांतून उपटले. हॉलच्या रखवालदाराने दुसऱ्या जिन्याने वर जाऊन सुमारे सहाशे मुलांना वेगळ्या वाटेने बाहेर काढले, म्हणून संख्या आणखी वाढली नाही. तरीही ३ ते १४ वर्षे वयाची १८३ मुले गुदमरून मेली. आग नव्हती, धूर नव्हता, इमारतही कोसळली नव्हती.

बोल्ट कोणी लावला, हे चौकशीत निष्पन्न झाले नाही. तो का लावला असावा, याविषयीचा तर्क मात्र अधिक महत्त्वाचा आहे. तिकिटे नीट तपासता यावीत, मुलांनी ओळीने जावे, गोंधळ होऊ नये, एवढाच हेतू असावा असे मानले जाते. म्हणजे अडसर शिस्तीसाठी होता. एकाच दाराकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते : येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नियंत्रण ठेवणे आणि संकटात सर्वांना एकदम मोकळे सोडणे. या इतिहासातील बहुतेक दुर्घटना या दोन कामांच्या संघर्षातून उद्भवल्या आहेत.

संडरलँडनंतर ब्रिटनमध्ये सार्वजनिक करमणुकीच्या जागी बाहेर उघडणारे पुरेसे दरवाजे असण्याचा आग्रह कायद्यात आला. रॉबर्ट अलेक्झांडर ब्रिग्ज यांनी १८९२ मध्ये ‘पॅनिक बोल्ट’चे पेटंट घेतले. बाहेरून दार बंदच राहते, पण आतून आडव्या दांडीवर शरीराचा भार पडला की ते उघडते. अमेरिकेत हीच कल्पना वेगळ्या दुर्घटनेतून रुजली. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वॉय नाट्यगृहाला दुपारच्या खेळात आग लागून ६०२ माणसे मेली आणि त्यांत मुले पुष्कळ होती. त्या खेळाला जाण्याचे ठरवूनही न जाऊ शकलेले कार्ल प्रिन्झलर यांनी पुढे हेन्री ड्युपाँट यांच्यासह असे साधन तयार केले. ते १९०८ पासून ‘व्हॉन ड्युप्रिन’ या नावाने विकले जाऊ लागले. (नावातील ‘व्हॉन’ हा व्हॉनेगट या हार्डवेअर व्यापारी घराण्याचा. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट याच घराण्यातले.)

त्याच वर्षी, ४ मार्च १९०८ रोजी, ओहायो राज्यातील कॉलिनवूड येथील शाळा जळाली. १७२ मुले, दोन शिक्षिका आणि मदतीला गेलेला एक जण दगावला. ही घटना इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी वेगळ्या कारणासाठीही वाचावी. दारे आत उघडणारी होती म्हणून मुले अडकली, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी छापले आणि पुढे अनेक पुस्तकांनी ते उचलले. वास्तविक दारे बाहेरच उघडत होती. घात केला तो दारापाशी अरुंद होत गेलेल्या मार्गिकेने. कटघऱ्यासारख्या त्या चिंचोळ्या जागेत पडलेल्या मुलांवर मागून येणारी मुले पडत गेली. ‘आत उघडणारे दार’ ही ओळखीची, पटकन पटणारी गोष्ट होती. रुंदी कमी पडली, हे कारण मात्र आराखडा समोर घेतल्याशिवाय कळत नाही.

शिकागोतील अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेत १ डिसेंबर १९५८ रोजी ९२ मुले आणि ३ जोगिणी मृत्युमुखी पडल्या. काही आठवड्यांपूर्वीच ती इमारत तपासणीत उत्तीर्ण झाली होती. इमारत जुनी असल्याने नवे नियम तिला लागू नव्हते. जिना उघडा होता आणि वरच्या मजल्यावरचे वर्ग काही मिनिटांत धुराने कोंडले. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये वापरात नसलेल्या एका शाळेत मुद्दाम आगी लावून प्रयोग केले गेले. ज्वाळा पोचण्याच्या कितीतरी आधी धूर जिना निकामी करतो, हे त्यांतून मोजमापासह दिसले. आज अमेरिकेच्या ‘एनएफपीए १०१’ या संहितेत पाळणाघरांसाठी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत : एक नव्या इमारतींसाठी, एक जुन्यांसाठी. जुन्या इमारतीला सरसकट सूट देण्याची किंमत तोवर कळून चुकली होती.

भारतात हा प्रश्न न्यायालयामार्फत आला. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेतील स्वयंपाकघरातून भडकलेली आग वरच्या मजल्यावरील गवती छपराला लागली. छपराखाली लहान मुलांचे वर्ग होते, एकाच इमारतीत तीन शाळा होत्या आणि जिना अरुंद होता. ९४ मुले गेली. त्यानंतर दाखल झालेल्या जनहित याचिकेवर, ‘अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे त्यात म्हटले आहे. अग्निशामक साधने, शिक्षकांचे प्रशिक्षण, राष्ट्रीय इमारत संहितेचे पालन अशा सूचनाही त्यात आहेत.

या निकालाला दोन महिनेही झाले नव्हते, तोच मेक्सिकोतील हर्मोसिलो शहरातून बातमी आली. ५ जून २००९ रोजी ‘एबीसी’ नावाच्या पाळणाघरात आग शिरून ४९ मुले मरण पावली. सर्वात लहान काही महिन्यांची होती. पाळणाघर सरकारी सामाजिक सुरक्षा संस्थेच्या वतीने खासगी मंडळींनी चालवलेले होते आणि ते मुळात गोदाम असलेल्या इमारतीत थाटले होते. शेजारचे गोदाम राज्य सरकारच्या वित्त खात्याचे. आग तिथे लागली आणि छतामार्गे पाळणाघरात पोचली. दुपारची वेळ होती, पुष्कळ मुले झोपली होती. आपत्कालीन दार उघडता आले नाही. एका तरुणाने आपली मालवाहू गाडी पुन्हा पुन्हा भिंतीवर आदळून भगदाडे पाडली आणि त्यांतून मुले बाहेर काढली गेली.

संडरलँडची मुले धावत होती. हर्मोसिलोतील अनेक मुलांना चालताही येत नव्हते, आणि पाळणाघराचा प्रश्न शाळेहून वेगळा होतो तो इथे. रांगणाऱ्या मुलाला ब्रिग्जच्या दांडीचा काहीही उपयोग नाही, कारण ती दांडी मोठ्या माणसाच्या उंचीवर असते आणि त्याच्याच वजनाने हलते. तान्ह्या मुलाची सुटका म्हणजे त्याला उचलणारे दोन हात. एक बाई एका फेरीत दोन मुले नेऊ शकते, फार तर तीन. म्हणून पाळणाघराचा सुटकेचा आराखडा आखताना दारांबरोबर माणसेही मोजावी लागतात. चार-सहा तान्ह्यांना एकदम ढकलत नेता येईल असा मोठ्या चाकांचा पाळणा काही देशांत वापरतात. त्याची रुंदी दारात मावते की नाही, हे पुन्हा आराखडाच सांगतो.

दुसरीकडे, पाळणाघराचे दार उघडे टाकूनही चालत नाही, कारण दोन वर्षांचे मूल क्षणात रस्त्यावर जाते. पुण्या-मुंबईत सदनिकेत चालणाऱ्या पाळणाघरांना हा पेच रोजचा आहे. मुख्य दार एकच, त्यावर सेफ्टी डोअर, वर मुलांच्या हाताला न लागणारी कडी, आणि बाल्कनीला लोखंडी जाळी. यातली प्रत्येक गोष्ट मुलांच्या काळजीपोटीच केलेली असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा द्यावे लागते. पण ते प्रमाणपत्र यंत्रणेपुरते असते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या कडीची किल्ली दुपारी तीन वाजता कोणाकडे असते, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

हर्मोसिलोच्या पालकांनी हे प्रकरण मिटू दिले नाही. मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये गंभीर हक्कभंग झाल्याचे मान्य केले, पण वरिष्ठ अधिकाऱ्यांना जबाबदार धरणारा प्रस्ताव बहुमताने फेटाळला. पालकांनी मग कायद्याचा आग्रह धरला आणि २४ ऑक्टोबर २०११ रोजी पाळणाघरांविषयीचा राष्ट्रीय कायदा जारी झाला. तिथे तो ‘५ जूनचा कायदा’ म्हणूनच ओळखला जातो. किमान दर दोन महिन्यांनी, इमारतीतील सर्वांना सामील करून, सुटकेची रंगीत तालीम घेणे त्याने बंधनकारक केले. धोकादायक आस्थापना आणि पाळणाघर यांच्यात किमान ५० मीटर अंतर असावे, असेही त्यात लिहिलेले आहे. एबीसी पाळणाघर आणि ते गोदाम एकमेकांना लागूनच होते.