इमोबिलायझर : इतिहास व दोषनिदान

इमोबिलायझर : योग्य किल्लीची ओळख पटल्याशिवाय मोटारगाडीचे एंजिन चालू होऊ न देणारी चोरीप्रतिबंधक यंत्रणा. किल्लीतील सांकेतिक क्रमांक जुळला नाही, तर ही यंत्रणा इंधनपुरवठा, ठिणगी किंवा स्टार्टर यांपैकी एक वा अधिक मंडले खंडित ठेवते. मात्र समोर चोर आहे की सदोष किल्ली घेतलेला मालक, हे तिला कळत नाही. तिच्या दोषनिदानातील बहुतेक अडचणी या मर्यादेतून उद्‌भवतात.

इतिहास : सेंट जॉर्ज एव्हान्स व एडवर्ड बर्केनब्यूएल यांनी १९१९ मध्ये अशा विद्युतीय यंत्रणेचे अमेरिकन पेटंट मिळविले. तीत गाडीच्या आत तीन ओळींत नऊ स्विच असून त्यांची ठराविक जुळणी केल्यावरच एंजिन चालू होई. जुळणी चुकल्यास भोंगा वाजे. पुढे दीर्घकाळ दात्यांची धातूची किल्ली हेच मुख्य संरक्षण राहिले. १९८६ मध्ये जनरल मोटर्सने कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत विद्युत् रोधक बसविला. त्याची पंधरा निरनिराळी मूल्ये असत व गाडी ते मूल्य मोजून किल्ली ओळखीत असे. १९९० नंतरच्या दशकात किल्लीच्या मुठीत रेडिओ संकेत देणारी बारीक चिप आली. जर्मनीत जानेवारी १९९८ पासून, तर यूरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना ही यंत्रणा सक्तीची झाली. १९९५–२००८ या काळातील नेदरलँड्समधील अभ्यासात तिच्यामुळे मोटारचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ती अभेद्य मात्र नाही : ४० बिट लांबीची गुप्त संख्या वापरणारी एक प्रचलित चिप २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी भेदून दाखविली.

भारतात अँबॅसडर किंवा मुंबईतील कुर्ला येथे तयार होणारी पद्मिनी यांसारख्या गाड्यांची किल्ली हरवल्यास जाणकार मिस्त्री तारा जोडून एंजिन चालू करून देई. अर्थात चोरही तेच करी. २००० मध्ये देशभर लागू झालेल्या उत्सर्जन मानकांनंतर कार्ब्युरेटरची जागा इलेक्ट्रॉनीय इंधनक्षेपणाने घेतली. एंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेल्यामुळे इमोबिलायझर त्यास जोडणे सुलभ झाले.

कार्यपद्धती : स्विचच्या तोंडाभोवती तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरविताच त्यातून सामान्यतः १२५ किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते व त्यावरच किल्लीतील चिप कार्यान्वित होते. त्यामुळे दूरनियंत्रकाचा सेल संपला, तरी अशा किल्लीने एंजिन चालू होऊ शकते. नियंत्रक चिपला एक यादृच्छिक संख्या पाठवितो. चिपने गुप्त संख्येच्या आधारे दिलेले उत्तर बरोबर असेल, तरच एंजिनाच्या संगणकास अनुमती मिळते.

दोषनिदान : प्रथम लक्षण नीट पाहावे लागते. स्टार्टर मंदपणे फिरत असेल किंवा नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या जोडांत असतो. पूर्ण भारित बॅटरीचा दाब सुमारे १२·६ व्होल्ट असतो. तो फार घसरल्यास नियंत्रकाचेही कार्य बिघडते. स्टार्टर जोमाने फिरूनही एंजिन पेट घेत नसेल, किंवा पेट घेऊन एकदोन सेकंदांत बंद पडत असेल आणि फलकावरील किल्लीचा दिवा लुकलुकत राहत असेल, तर इमोबिलायझरचा संशय बळावतो. अशा वेळी दुसरी किल्ली वापरून पाहणे ही सर्वांत स्वस्त व निर्णायक चाचणी होय. दुसऱ्या किल्लीने एंजिन चालू झाल्यास दोष पहिल्या किल्लीच्या चिपमध्ये असतो. जुडग्यातील दुसऱ्या गाडीची किल्लीही संकेतात व्यत्यय आणू शकते. दोन्ही किल्ल्या निरुपयोगी ठरल्यास फ्यूज, वेटोळ्याचा जोड, तारा व नियंत्रक या क्रमाने तपासणी करतात. निदानयंत्र जोडल्यास ‘पी ०५१३’ हा संकेतांक किल्ली अमान्य झाल्याचे, तर ‘यू ०१६७’ हा इमोबिलायझरशी संपर्क तुटल्याचे दर्शवितो. हा क्रम सोडून इंधनपंप किंवा बॅटरी बदलल्यास खर्च होतो, दोष मात्र तसाच राहतो.

ग्रामीण परिणाम : ठाणे जिल्ह्यातील शहापूर हे मुंबई–आग्रा मार्गावर कसारा घाटाच्या अलीकडे, तर मुरबाड हे कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या तालुक्यांत पाऊस मुसळधार असतो. अशा दमट हवेत जोडांवर हिरवट गंज चढतो, तर भातशेतीच्या परिसरात उंदीर बॉनेटखाली आसरा घेऊन तारा कुरतडतात. दोन्ही दोषांची परिणती एंजिन चालू न होण्यात होऊ शकते. विखुरलेल्या पाड्यांतून रुग्णास कल्याण किंवा ठाणे येथे न्यावयाचे असता असा बिघाड केवळ गैरसोयीचा राहत नाही.

तार सांधणे किंवा गंज काढणे स्थानिक मिस्त्रीस सहज जमते; परंतु नव्या किल्लीची नोंद करण्यासाठी लागणारा गुप्त क्रमांक व संगणकप्रणाली सामान्यतः उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडेच असतात. चोरास रोखणाऱ्या गुप्ततेमुळे दुरुस्तीचा अधिकारही गावातून शहराकडे गेला. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली व तिच्या कार्यक्षेत्रात मोटारगाड्यांचाही समावेश केला. सुरक्षितता कायम ठेवून ही माहिती जाणत्या मिस्त्रीपर्यंत कशी पोहोचवावी, हा या यंत्रणेने निर्माण केलेला महत्त्वाचा प्रश्न आहे. तूर्त दुसरी किल्ली घरी सुस्थितीत जपणे व किल्लीचा क्रमांक नोंदवून ठेवणे, हाच वाहनधारकास सहजसाध्य उपाय होय.